बर्फ असेल तरच रस्ता असतो : यमालच्या नेनेत्स रेनडियरपालकांकडे एक हिवाळी प्रवास

उत्तरवाट

२०१९ च्या मार्चमध्ये मी रशियाच्या उत्तरेला, यमाल द्वीपकल्पाच्या पायथ्याशी, नेनेत्स नावाच्या भटक्या रेनडियरपालकांच्या तळावर नऊ दिवस राहून आलो. परतल्यावर जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : 'एवढ्या थंडीत कशाला गेलास, उन्हाळ्यात जायचे होते!' या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण ते देताना त्या लोकांच्या सबंध जगण्याबद्दल बोलावे लागते. म्हणून उशिरा का होईना, हा धागा काढत आहे.

नेनेत्स भाषेत 'या' म्हणजे जमीन आणि 'मल' म्हणजे शेवट. कारा समुद्र आणि ओब नदीचे आखात यांच्यामध्ये सुमारे सातशे किलोमीटर उत्तरेकडे गेलेली ही सपाट जमीन खालून कायमची गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर तेवढा वितळतो, आणि खाली मुरायला वाव नसल्यामुळे ते पाणी जागच्या जागी साचून राहते. सगळीकडे तळी, ओढे, घोटाभर चिखल आणि डासांचे थवे असतात. मोटार चालत नाही आणि माणूस चालला तरी दमून जातो. ऑक्टोबरनंतर हे सगळे पाणी गोठले की त्याच प्रदेशात कुठूनही कुठेही जाता येते. नद्यांवर गाड्या धावू लागतात. अशा हंगामी वाटेला रशियन भाषेत 'झिम्निक' म्हणतात, म्हणजे हिवाळ्याचा रस्ता. आपल्याकडे पावसाळ्यात जसे घाट बंद होतात तसे तिथे उन्हाळ्यात बंद होते, असे म्हटले तर पटकन समजेल.

मॉस्कोहून लाबित्नांगीला जाणारी आगगाडी जवळपास दोन दिवस घेते. व्होर्कुताच्या अलीकडे ती पूर्वेला वळते आणि ध्रुवीय उरल पर्वत ओलांडून आशियात उतरते. माझ्या डब्यात बहुतेक जण वायुक्षेत्रांवर, म्हणजे नैसर्गिक वायू काढतात त्या ठिकाणी, 'वाख्ता' करणारे, म्हणजे महिना-दीड महिना सलग काम आणि मग तेवढीच सुट्टी अशा पाळीवर जाणारे कामगार होते. लाबित्नांगी आणि सालेखार्द ही दोन शहरे ओब नदीच्या दोन काठांवर असून मध्ये पूल नाही. उन्हाळ्यात तराफ्यासारखी बोट मोटारी पलीकडे नेते आणि हिवाळ्यात त्या सरळ बर्फावरून जातात. टॅक्सीवाल्याने नदीवर चढताना पट्टा सोडायला सांगितले आणि का, हे सांगितले नाही. मला ते समजले आणि पुढची काही मिनिटे मी दाराच्या मुठीवरचा हात काढला नाही.

आर्क्टिक वृत्तावर वसलेल्या सालेखार्दमध्ये एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी यार-साले या गावी गेलो. त्यासाठी 'त्रेकोल' नावाची सहा फुगीर चाकांची गाडी होती, आणि वाट पुन्हा ओब नदीवरचीच. यार-सालेमध्ये मोठी निवासी शाळा आहे, दवाखाना आहे आणि दुकाने आहेत. तळांवरची माणसे तिथे पीठ, साखर, चहा आणि पेट्रोल न्यायला येतात. तिथून तळापर्यंत सहा तासांचा प्रवास बर्फस्कूटरला बांधलेल्या लाकडी घसरगाडीतून झाला. पुण्याहून नेलेले माझे महागडे जॅकेट पाहून यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त घरातली एक 'मालित्सा' आणून माझ्या डोक्यावरून खाली ओढली. मालित्सा म्हणजे रेनडियरच्या कातड्याचा, केस आतल्या बाजूला असलेला, समोरून न उघडणारा लांब अंगरखा. टोपी आणि हातमोजे त्यालाच शिवलेले असतात. गाठ, बटण, चेन यांपैकी काही नसल्यामुळे वारा शिरायला जागाच उरत नाही. फार थंडी असेल तर त्यावर केस बाहेरच्या बाजूला असलेला दुसरा अंगरखा चढवतात. त्या दिवशी तापमान उणे ३१ होते आणि सहा तासांत मला गाल सोडून कुठेही थंडी वाजली नाही. जॅकेट मी परतीच्या आगगाडीपर्यंत उघडले नाही.

तळावर तीन 'चूम' होते. चूम म्हणजे तीसएक उंच काठ्या शंकूसारख्या टेकवून त्यांवर शिवलेल्या कातड्यांचे दोन थर ओढून केलेले घर. हिवाळ्यात एका घराला कित्येक डझन कातडी लागतात. मधोमध पत्र्याची शेगडी, तिच्या दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर डहाळ्या आणि त्यांवर कातडी अंथरलेली. शेगडी पेटलेली असेपर्यंत आत सदऱ्यावर बसता येते. पहाटे ती विझलेली असते, आणि ती पुन्हा पेटवण्यासाठी सर्वांत आधी जी बाई उठते तिच्याबद्दल मनात जो आदर निर्माण होतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

हिवाळी तळ या दक्षिणेकडच्या विरळ झाडीत असतो, यालाही कारण आहे. उत्तरेला झाडच नाही, त्यामुळे सरपण नाही. शिवाय उघड्यावर वाऱ्याने बर्फ दाबून घट्ट होतो, तर झाडीत तो भुसभुशीत राहतो आणि रेनडियरला खुराने उकरता येतो. खाली असते ते शैवाक. आपल्या गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या गटातले, त्याच गटातली ही फिकट राखाडी, स्पंजासारखी वाढ. रशियन लोक तिला 'यागेल' म्हणतात. रेनडियरचा हिवाळा प्रामुख्याने तिच्यावर निघतो आणि एकदा चरलेली जागा पुन्हा भरून यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून कळप हलत राहतो, आणि कळपामागे माणसे.

सातव्या दिवशी आम्हीही हललो. सकाळी पुरुषांनी कळप घेरून आणला. सर्वांनी मिळून दोराचे रिंगण धरले आणि त्यातून गाडीचे रेनडियर निवडून काढले. जे निसटले त्यांच्यावर 'तिंझ्यान' हा लांब फासा टाकला गेला. दरम्यान स्त्रियांनी चूम उतरवून, घडी घालून, ठरलेल्या क्रमाने गाड्यांवर बांधलेसुद्धा होते. मी मदत करायला गेलो तेव्हा घरातल्या आजीने माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि मला बसायची जागा दाखवली. गाड्या एकामागे एक बांधून जी रांग निघते तिला 'अर्गिश' म्हणतात. प्रत्येक गाडीला ठरलेले सामान आणि प्रत्येक सामानाला ठरलेली गाडी. पूज्य वस्तूंची गाडी वेगळी, तिला हात लावायचा नाही. संध्याकाळी पंधराएक किलोमीटर पुढे तेच घर तसेच उभे राहिले. माझी पिशवी सकाळी जिथे होती तिथेच, म्हणजे शेगडीपासून तितक्याच अंतरावर, ठेवलेली होती.

त्या रात्री दुभाष्यामार्फत आजीने विचारले की तुमच्या गावी नदी केव्हा गोठते. कधीच गोठत नाही, असे सांगितल्यावर तिने थोडा विचार केला आणि विचारले, 'मग पलीकडच्या नातेवाइकांकडे जाता केव्हा?'

सह्यवारा

उत्तम लेखन. फलटण-माण भागातील धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतात, त्या वाड्यांबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळांबरोबर, मी काही दिवस चाललो आहे. त्यामुळे बिऱ्हाड बांधण्याचा आणि उतरवण्याचा तुमचा प्रसंग वाचताना ओळखीचा वाटला. तिथेही घोड्यावर काय कुठे लादायचे हे बाईच ठरवते. दोन शंका आहेत. धनगर वाटेत शेतात मेंढरे बसवतात, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात, म्हणजे गावाशी त्यांचा रोजचा व्यवहार असतो. नेनेत्स लोकांचा असा व्यवहार कोणाशी असतो? आणि दुसरी शंका पोटाची : शाकाहारी माणसाने तिथे काय खावे?

उत्तरवाट

धन्यवाद. तुलना मलाही सुचली होती, परंतु शेवटपर्यंत ताणता आली नाही, कारण तुम्ही म्हणता तो शेतकरी तिथे नाहीच. नेनेत्स कुटुंब महिनोन्‌महिने अशा भूमीवरून जाते जिथे कोणी दुसरे वसलेले नसते. व्यवहार होतो तो गावाशी आणि ठरावीक वेळी. शरदाच्या शेवटी किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला जनावरे कापली जातात आणि मांस विकले जाते, उन्हाळ्यात कोवळ्या, मखमली शिंगांना गिऱ्हाईक असते, कारण त्यांचे औषध करतात, शिवाय मासे. त्या पैशातून पीठ, चहा, पेट्रोल आणि बर्फस्कूटरचे सुटे भाग येतात. अलीकडे आमच्यासारखे पाहुणेही येतात, म्हणजे आम्हीही त्या व्यवहारातलाच एक माल आहोत.

जेवणाबद्दल खरे ते सांगतो. मी मांसाहारी असूनही पहिले दोन दिवस गोंधळलो. जनावर कापले की घरातले सगळे त्याभोवती बसतात आणि यकृत, मूत्रपिंड, कोवळे मांस कच्चेच, ऊन रक्तात बुडवून खातात. एरवी गोठलेल्या कच्च्या माशाचे सुरीने काढलेले पातळ काप मिठाबरोबर असतात, आणि ते, आश्चर्य वाटेल, अतिशय चविष्ट लागतात. भाजीपाला नसलेल्या प्रदेशात क जीवनसत्त्व याच कच्च्या खाण्यातून मिळते. शिजवले तर ते बरेचसे नष्ट होते. शाकाहारी माणसाला पाव, लोणी, शेवया, बिस्किटे, आटवलेले दूध आणि दिवसातून आठ-दहा वेळा चहा यांवर राहता येईल. यजमान आग्रह करत नाहीत. माझी तिळाची वडी मात्र लहान मुलांनी पहिल्याच संध्याकाळी संपवली.

अक्षवृत्त

लेखातले एक वाक्य पुढे न्यावेसे वाटते : बर्फ भुसभुशीत असला की रेनडियरला तो उकरता येतो. या लोकांना थंडीपेक्षा ऊब घातक ठरते, हे आपल्याला उलटे वाटेल, पण ते असे घडते. नोव्हेंबरमध्ये जमिनीवर बर्फ पडून झालेला असतो. अशा वेळी हवा अचानक उबदार होऊन त्या बर्फावर पाऊस पडला आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी परत आली, तर ते पाणी गोठून बर्फाखाली किंवा बर्फावर काचेसारखा थर तयार होतो. तो खुराने फुटत नाही आणि वसंतापर्यंत वितळतही नाही. खाली चारा असतो, वास येत असतो, आणि वर जनावरे उपाशी मरतात. यमालमध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये असे झाले तेव्हा सुमारे २०,००० रेनडियर गेले. नोव्हेंबर २०१३ च्या पावसानंतर सुमारे ६१,००० गेले. संशोधकांनी या घटनांचा संबंध बारेंट्स आणि कारा समुद्रांवरील त्या शरदातल्या कमी झालेल्या सागरी बर्फाशी जोडला आहे : समुद्र उघडा राहिला की हवेत बाष्प आणि उष्णता अधिक मिसळते, आणि ते बाष्प जमिनीवर पाऊस होऊन उतरते.

एक दुष्काळी वर्ष आले तर शेतकऱ्याचे बियाणे निदान घरात असते. इथे गाड्या ओढणारी जनावरेच मेली की कुटुंबाला हलताच येत नाही.

उत्तरवाट

अक्षवृत्त, तुम्ही लिहिले ते मी तिथे ऐकले. यजमानांना मी २०१३ बद्दल विचारले तेव्हा त्यांनी चमचा घेतला आणि पत्र्याच्या किटलीवर तीन-चार वेळा वाजवला. खुराचा तसा आवाज येत होता, असे म्हणाले. त्यानंतर काही वर्षे ते गावाजवळ राहून मासेमारी करत होते आणि नातेवाइकांनी दिलेल्या माद्यांपासून त्यांनी पुन्हा कळप उभा केला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, किती माद्या कोणी दिल्या याचा हिशेब मात्र तोंडपाठ होता.

ते दररोज सकाळी बाहेर पडल्यावर पहिल्यांदा आकाशाकडे पाहत नसत. काठी बर्फात खुपसून ती किती सहज जाते आणि तळाशी काय लागते, ते पाहत.

गोठ्यातला डॉक्टर

पशुवैद्य या नात्याने थोडी भर घालतो. नर रेनडियरची शिंगे माजाचा काळ संपल्यावर, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात. मादीची मात्र वसंतात वीण होईपर्यंत राहतात, आणि गाभण मादीला स्वतः उकरलेला खड्डा इतरांपासून राखायला त्यांचा उपयोग होतो. खुराची मधली गादी हिवाळ्यात आक्रसते आणि कडा बाहेर येऊन बर्फ कापायला धारदार होतात. डोळ्याच्या पडद्यामागचा चकाकणारा थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालताना पायातून येणारा टकटक आवाज तुम्ही ऐकला असेलच, तो घोट्याजवळच्या कंडरांचा असतो.

आता दुसरी, कमी रम्य बाब. २०१६ च्या उन्हाळ्यात यमालमध्ये काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची साथ आली. त्या प्रदेशात १९४१ नंतर हा रोग दिसला नव्हता आणि रेनडियरचे लसीकरण २००७ मध्ये थांबवण्यात आले होते. त्या वर्षी असाधारण उष्णता होती, गोठलेली जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली, आणि जुन्या मृत जनावरांतील जंतुबीजे वर आली असावीत, असे मानले जाते. दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले, अनेक माणसांना रुग्णालयात हलवावे लागले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. लसीकरण त्यानंतर पुन्हा सुरू झाले. आपल्याकडेही 'रोग दिसत नाही, मग लस कशाला' असे म्हणणारे गावोगाव भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रानजाई

वाचून भारावून गेले. आधुनिकतेचा स्पर्श न झालेली, निसर्गाशी एकरूप झालेली ही निरागस माणसे हजारो वर्षे जशी होती तशीच राहिली आहेत, याचे फार अप्रूप वाटते. त्यांना तसेच राहू द्यावे, एवढीच प्रार्थना.

जुने पान

रानजाई, भावना समजते, परंतु 'जशी होती तशीच' हे मान्य करता येत नाही. शेकड्यांनी आणि हजारांनी कळप पाळणे हेच मुळात गेल्या तीनएक शतकांतले आहे. त्यापूर्वी शिकार आणि मासेमारी प्रमुख होती व माणसाळलेले थोडे रेनडियर मुख्यतः ओढकामाला असत. त्यानंतर सोव्हिएत काळ आला. १९३० च्या दशकात सामूहिकीकरणाने कळप सरकारजमा होऊ लागले, श्रीमंत कळपवाले आणि शामान, म्हणजे पारंपरिक धर्मविधी करणारे, यांना शत्रू ठरवण्यात आले. नेनेत्सांनी १९३४ मध्ये आणि पुन्हा १९४३ मध्ये उठाव केले. या उठावांना नेनेत्स 'मंदालादा' म्हणतात. दोन्ही चिरडले गेले. सरकारी कळपांच्या टोळ्यांना तेव्हा 'ब्रिगेड' म्हणू लागले आणि आजही लोक स्वतःची ओळख अमुक क्रमांकाची ब्रिगेड अशी करून देतात. तरीही प्रत्येक कुटुंबाने थोडे खाजगी रेनडियर जपले, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेच वाढत गेले. आज यमालमधील बहुसंख्य रेनडियर खाजगी आहेत.

मुलांचेही तसेच. सहा-सात वर्षांचे मूल सप्टेंबरच्या सुमारास हेलिकॉप्टरने निवासी शाळेत जाते आणि वर्षाचा मोठा भाग तिथेच राहते. या शाळांनी लिहिणे-वाचणे दिले, डॉक्टर आणि शिक्षक घडवले, आणि अनेकांची भाषा तोडली, हे तिन्ही एकाच वेळी खरे आहे. 'स्पर्श न झालेली' हा शब्द म्हणूनच खटकतो. त्यांना स्पर्श पुष्कळ झाला. त्यातले काय घ्यायचे आणि काय टाळायचे हे त्यांनी बरेचसे स्वतः ठरवले, आणि यात निरागसपणापेक्षा चातुर्य अधिक दिसते.

रानजाई

मान्य. मी घाईने लिहिले. निवासी शाळेतून परतलेली मुले तळावर टिकतात का, हे उत्तरवाट यांनी सांगावे.

उत्तरवाट

एकाच तळावरून सर्वांबद्दल बोलणे बरोबर नाही. माझ्या यजमानांची थोरली मुलगी सालेखार्दला नर्सिंग शिकत होती. धाकटा मुलगा शाळा संपवून परत आला होता आणि त्याला परत यायचेच होते. त्याच्या खिशात स्मार्टफोन होता. रेंज मिळणारी एक टेकडी त्याने हेरून ठेवली होती आणि रोज रात्री तिथे जाऊन तो एका मुलीशी बोलत असे, म्हणजे निदान आम्हा सर्वांचा तसा समज होता. शाळेच्या सुट्टीच्या वेळापत्रकाशी स्थलांतराचा मेळ बसत नाही, ही आईची खरी तक्रार. मुले घरी येतात तेव्हा तळ उत्तरेकडे कुठे असेल, याचा हिशेब हेलिकॉप्टरच्या हिशेबाने करावा लागतो.

आणि जुने पान यांच्या मुद्द्याला एक जोड. ज्यांच्याशी रोजचा सामना आहे ते आता वायुक्षेत्र आहे. बोवानेन्कोवो येथून २०१२ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यासाठी ओब्स्काया ते बोवानेन्कोवो हा ५२५ किलोमीटरांचा लोहमार्ग टाकला गेला, ज्यात युरिबेई नदीच्या पूरमैदानावरील जवळपास चार किलोमीटरांचा पूल आहे. उत्तरेला सबेट्टा बंदरातून २०१७ च्या डिसेंबरपासून द्रवरूप वायूची जहाजे निघतात. उन्हाळी कुरणांच्या वाटेत आडवे येणारे नळ, रस्ते आणि खडी हे ओलांडावे लागते. बर्फ नसताना घसरगाड्या खडीवरून ओढता येत नाहीत म्हणून काही ठिकाणी रस्त्यावर जाड कापड अंथरून अर्गिश पार करवला जातो. यजमानांना मी विचारले की तुम्हाला हे नको आहे का. त्यांचे उत्तर सरळ नव्हते. दवाखाना, हेलिकॉप्टर, नातेवाइकांच्या नोकऱ्या हे सगळे त्याच पैशातून येते हे त्यांना माहीत आहे. त्यांची हरकत मार्ग ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही यावर होती. चरायला जागा कमी होत जाते आणि मग वर्तमानपत्रात येते की रेनडियर फार झाले आहेत.

फ्योर्डकाठ

मी दहा वर्षे नॉर्वेत राहतो. इथे रेनडियरपालन हा सामी, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी, लोकांचा हक्क कायद्याने राखलेला आहे, परंतु सबंध कुटुंबाने वर्षभर तंबूत राहण्याची पद्धत गेली. घर पक्के असते आणि कळपाबरोबर आळीपाळीने बर्फस्कूटरवरून जातात. मार्ग ठरवताना न विचारण्याची हरकत इथेही आहे. फोसेन भागातील पवनचक्क्यांच्या परवान्यांमुळे सामी पशुपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. चक्क्या तेव्हा फिरू लागून काही काळ लोटला होता. वायू असो वा वारा, कुरणाला पडणारा फरक सारखाच.

नीलमोहर

मला प्रत्यक्ष जाण्याविषयी विचारायचे आहे, आणि काही प्रश्न संकोचाचे आहेत. परवानग्या काय लागतात? स्त्री प्रवाशांना वेगळे नियम असतात का? आणि शौचाची सोय?

उत्तरवाट

संकोच नको, सर्वांत उपयोगी प्रश्न हेच असतात.

यमालचा बराच भाग सीमाक्षेत्रात मोडतो, त्यामुळे व्हिसाखेरीज वेगळा परवाना लागतो. मला तो मिळायला दोन महिने लागले होते. आजचे नियम मात्र दूतावासाकडूनच विचारून घ्यावेत.

स्त्रियांसाठी नियम आहेत आणि ते मुलींना लहानपणापासून शिकवतात. चूमच्या आत, दाराच्या समोरच्या बाजूला 'सिम्झी' नावाची पूज्य काठी असते. तिच्यामागे, आणि बाहेर पूज्य गाडीपर्यंतच्या रेषेत, स्त्रियांनी ओलांडून जायचे नाही. फासा, जोताचे पट्टे आणि रेनडियर हाकायची लांब काठी 'खोरेई' यांवरून पाय टाकायचा नाही. आमच्या गटातील एक महिला प्रवासी पहिल्या दिवशी चूमला वळसा घालून फोटो काढायला निघाली तेव्हा आजीने धावत येऊन तिला दंडाला धरून परत आणले, आणि नंतर तिला सर्वांत चांगला मांसाचा तुकडा वाढला. हे नियम पटावेत असा त्यांचा आग्रह नाही, पाळावेत असा आहे. पुरुष पाहुण्याला चूलबाजूच्या कामात लुडबुड करू देत नाहीत, ते मी वर लिहिलेच आहे.

शौचाला झाडामागे जायचे. यात अडचण थंडीची नाही, रेनडियरची आहे. हिवाळी चाऱ्यात मीठ जवळजवळ नसल्यामुळे त्यांना मानवी मूत्राची विलक्षण ओढ असते, आणि तुम्ही कोणत्या कामाला निघालात हे त्यांना तुमच्या चालण्यावरून कळते. पहिल्या रात्री माझ्यामागे सहा जण आले. घरातल्या मुलाने मग मला एक काठी दिली आणि ती मारायची नसून फक्त आडवी धरायची, असे दाखवले.

अक्षवृत्त

कॅमेऱ्याचे काय केलेत? उणे तीसमध्ये माझ्या बॅटऱ्या लडाखला दहा मिनिटांत संपल्या होत्या.

उत्तरवाट

बॅटऱ्या मालित्साच्या आत, पोटाशी बांधलेल्या कापडी पिशवीत ठेवल्या आणि फोटो काढण्यापुरती एक बाहेर काढली. संपली असे वाटणारी बॅटरी अंगाशी ऊब घेऊन पुन्हा थोडी चालते. कॅमेरा मात्र चूममध्ये आणू नये, बाहेर गाडीवरच झाकून ठेवावा. आत आणला की त्यावर दव धरते आणि बाहेर नेल्यावर ते गोठते. चष्म्याचेही तेच. धातूच्या काड्यांचा चष्मा कानशिलाला चिकटतो, म्हणून प्लॅस्टिकच्या काड्यांचा न्यावा आणि जोडीला एक जादा ठेवावा. माझा पहिला चष्मा तिसऱ्या दिवशी, मी आत वाकताना, दारावरच्या कातड्याने नेला, आणि तो एप्रिलमध्ये बर्फ कमी झाल्यावर सापडला, असा निरोप दुभाष्याकडून फोटोसह आला. आजीच्या डोळ्यांवर आहे तो.